टास्कबारवरील अलीकडच्या फायलींची यादी कशी आवरावी?

टास्कबारवरील आयकॉनवर राइट क्लिक केल्यावर दिसणारी अलीकडच्या फायलींची यादी काढता येते का, असे आपण विचारले आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट या क्रमाने जाऊन अलीकडे उघडलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय बंद केला, की ती यादी नाहीशी होते. मात्र स्टार्ट मेनू आणि फाइल एक्सप्लोररमधील अलीकडच्या फायलीही त्याबरोबर दिसेनाशा होतात, म्हणून तो सरसकट बंद करावा असे मी सुचवणार नाही. त्याऐवजी नको असलेल्या नावावर राइट क्लिक करून तेवढेच यादीतून काढावे (मूळ फाइल त्यामुळे पुसली जात नाही), आणि रोज लागणाऱ्या फाइलच्या नावाशेजारी उमटणाऱ्या टाचणीच्या चिन्हावर क्लिक करावे, म्हणजे नव्या फायली कितीही उघडल्या तरी ती यादीत कायम राहते.