डिस्क पुण्याला, बूट ऐरोलीत

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये विंडोजची जुनी एसएसडी आहे, टॅलीचं सगळं काम तिच्यावर चालतं. लेकाने दुसरी एसएसडी बसवून त्यात लिनक्स टाकलं. बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम, कुठे टाकायचा, असं इन्स्टॉलरने विचारलं तेव्हा त्याने नवीच डिस्क निवडली, मी शेजारीच बसले होते. आता ती डिस्क काढून तो पुण्याला घेऊन गेलाय. तिथे ती सुरू होत नाही आणि इथे काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ येतं. जीएसटीचं रिटर्न तोंडावर आहे. डेटा गेला का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही गेला, ताई. आधी रिटर्नचं बघू. मशीन चालू करताच एफ12 दाबत राहा. काही बोर्डांना एफ11 किंवा एफ8 लागतं. यादी येईल, त्यात ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. टॅली उघडली की मग सवडीने बायोसमध्ये जाऊन तेच नाव पहिलं करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

लेकाला बोलू नका. आजकालच्या यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत) मशीनमध्ये बूटच्या फायली डिस्कवरच्या एका छोट्या फॅट32 पार्टिशनमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, असतात. त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. उबुंटू या लिनक्सच्या जुन्या ‘यूबिक्विटी’ इन्स्टॉलरची खोड अशी, की तुम्ही नवी डिस्क दाखवा नाहीतर काही करा, तो पहिलं जे ईएफआय पार्टिशन सापडेल त्यातच ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, टाकतो. ही तक्रार 2014 पासून नोंदलेली आहे. मिंट या दुसऱ्या लिनक्सनेही हाच इन्स्टॉलर वापरला. म्हणजे फ्लॅट नवा आणि किल्ली जुन्या सोसायटीच्या वॉचमनकडे! ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला, हा माझा जुना राग. विंडोजही काही साव नाही. दुसऱ्या डिस्कवर तयार ईएफआय पार्टिशन दिसलं की विंडोजचा सेटअपही आपल्या बूट फायली तिथेच नेऊन ठेवतो.

म्हणून नौपाड्यात माझ्या टेबलावर दोन डिस्कचं मशीन आलं, की इन्स्टॉलच्या आधी मी दुसऱ्या डिस्कची साटा केबल काढतो. थेट बोर्डावर बसणारी एम.2 डिस्क ग्राफिक्स कार्डाखाली दडलेली असेल तर कंटाळा येतो. मग लाइव्ह पेन ड्राइव्हवर (त्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करता चालतं) जीपार्टेड हा पार्टिशनचा प्रोग्राम उघडून जुन्या ईएफआय पार्टिशनचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ हे फ्लॅग, म्हणजे ओळखीच्या खुणा, तेवढ्यापुरते काढायचे, काम झालं की परत लावायचे.

लेकाच्या डिस्कवर बहुतेक ईएफआय पार्टिशनच नसेल किंवा असलं तरी रिकामं असेल. ते पार्टिशन तयार करून ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा चालवता येते, पण एफएस-टॅब फायलीत (सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची त्याची यादी) जुन्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, राहिला तर नवं दुखणं सुरू. नुकतंच टाकलंय, आत फारसं काही नसेल, तर सरळ पुन्हा इन्स्टॉल करू दे. फक्त त्याला सांगा, आधी पुण्याच्या मशीनमधली त्याची स्वतःची डिस्क काढून ठेव. नाहीतर ग्रब तिच्यावर जाऊन बसेल.

तुमच्या डिस्कवर ‘उबुंटू’ नावाचं फोल्डर उरेल. मिंट टाकलं तरी नाव तेच असतं. जागा नगण्य खातं, राहू द्या.