तीच रात्र पुन्हा मिळाली, तर?

पत्र : ताई, माझं वय ४९. १४ महिन्यांपूर्वी आमचे हे हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. आदल्या रात्री क्षुल्लक कारणावरून आमचं भांडण झालं होतं. मी पाठ फिरवून झोपले. सकाळी ते न बोलता बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून झोप उडालीय. मध्यंतरी वाचलं, की मेल्यावर जाणीव पुन्हा जन्माच्या क्षणापाशी जाते आणि तेच आयुष्य परत सुरू होतं. मला तीन-चारदा 'हे आधी घडलंय' असं इतकं लख्ख वाटलं, की पुढे काय होणार तेही ठाऊक होतं. म्हणजे आमचा २३ वर्षांचा संसार पुन्हा मिळेल आणि त्या रात्री मी वळून बोलेन. कधी एकदा पुन्हा सुरू होतं असं झालंय. मुलगी चिडते. एक परिचित म्हणतात, संमोहनाने पूर्वजन्म पाहून घ्या. जाऊ का?

उत्तर : 'कधी एकदा पुन्हा सुरू होतं असं झालंय', या वाक्यापाशी मी थांबले. आडवळणाने विचारत नाही. जीव द्यावा असं मनात येतं का? ओझरतं जरी येत असेल, तरी हे उत्तर अर्धवट ठेवा आणि मुलीला आत्ता हाक मारा. रात्र एकटीने काढू नका, आणि तिला बरोबर घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तसं काही नसेल, तरी १४ महिने झोप नसणं हे डॉक्टरांकडे जायला पुरेसं कारण आहे.

आता तुमचा प्रश्न. पुनर्जन्म आणि पुनरावृत्ती यांची तुमच्या मनात सरमिसळ झालीय. पुनर्जन्म म्हणजे जुनं वस्त्र टाकून नवं घेणं, असं गीता सांगते. तेच घर, तोच नवरा, तीच रात्र असा शब्द तिने कुणाला दिलेला नाही. चौथ्या अध्यायात तर श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, तुझे-माझे पुष्कळ जन्म होऊन गेले; मी ते जाणतो, तू जाणत नाहीस. (अर्जुनाची ही गत, तिथे आपण कोण!) तुकोबांनी गर्भवास आनंदाने मागितला खरा, पण त्या मागण्याची सुरुवातच 'तुझा विसर पडू देऊ नकोस' इथून केली. विसरलेला जन्म घेऊन करायचं काय, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

तुम्हाला हवं असलेलं 'तेच आयुष्य पुन्हा' जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या कल्पनेच्या जवळचं आहे. १८८१च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका तळ्याकाठी फिरताना ती त्याला सुचली आणि पुढच्या वर्षी त्याने ती छापली. एका एकाकी रात्री एक पिशाच येऊन सांगतं : हेच आयुष्य तुला अगणित वेळा जगायचंय, त्याच क्रमाने, नवीन काहीही नाही. हे त्याने दिलासा म्हणून लिहिलं नव्हतं. त्या परिच्छेदाचं नावच 'सर्वांत मोठं ओझं' असं आहे. आणि 'नवीन काहीही नाही' याकडे नीट बघा. त्या हिशेबात तुम्ही त्या रात्री वळून बोलत नाही. शंभराव्या खेपेलाही पाठच फिरवता, कारण सकाळी काय वाढून ठेवलंय हे तुम्हाला तेव्हाही माहीत नसतं. वळून बोललात, तर ते तेच आयुष्य उरत नाही. तुम्हाला पुनरावृत्ती नकोच आहे हो. तुम्हाला एका रात्रीची दुरुस्ती हवी आहे.

'आधी घडलंय' हा भास साधारण दोन-तृतीयांश माणसांना कधी ना कधी होतो, थकव्यात जास्त. मेंदूचा कानशिलाजवळचा भाग नेमकी आठवण नसतानाही 'ओळखीचं आहे' अशी वर्दी देऊन मोकळा होतो. २०१८मध्ये अमेरिकेतल्या संशोधक ॲन क्लिअरी यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना संगणकावर रचलेल्या जागांतून फिरवलं. जागेची मांडणी आधी पाहिलेल्या एखाद्या जागेसारखी असली, की हा भास होई आणि आता कुठल्या बाजूला वळायचं ते ठाऊक आहे असं लोकांना वाटे. त्यांचे अंदाज मात्र छापा-काट्याहून सरस निघाले नाहीत. पुढच्या खेपेला असं वाटलं, तर पुढे काय होणार ते घडायच्या आत मोठ्याने बोलून बघा.

संमोहनाकडे जाऊ नका. १९५२मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टाय या बाईंनी संमोहनाखाली आयर्लंडमधला आधीचा जन्म सांगितला, त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण त्यांनी त्या जन्मातलं म्हणून सांगितलेल्या 'ब्रायडी मर्फी' या नावाच्या बाईच्या जन्माची वा मृत्यूची नोंद काही सापडली नाही. फसवाफसवीची गरजच नसते, सूचनेवर मन आपोआप आठवणी रचतं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५च्या प्रयोगात २४ जणांना 'लहानपणी तू दुकानांच्या गर्दीत हरवला होतास' अशी खोटी गोष्ट सांगितली, तर जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या लोकांना ती थोडीफार आठवली! तुमच्याकडे नवऱ्याच्या २३ वर्षांच्या खऱ्या आठवणी आहेत. त्यात परक्या माणसाला भेसळ करू देऊ नका.

आणि ती रात्र. २३ वर्षांत आठ हजारांहून जास्त रात्री येतात. त्यातल्या किती रात्री तुम्ही दोघं पाठीला पाठ लावून झोपलात आणि दुसऱ्या दिवशी काहीच न झाल्यासारखे बोललात? मोजता येणार नाहीत, कारण त्या लक्षात ठेवायची गरजच पडली नाही. तेही त्या सकाळी याच सवयीने बाहेर पडले असणार. संध्याकाळपर्यंत निवळेल, असा भरवसा असलेला माणूसच न बोलता घराबाहेर पडू शकतो. मला तरी त्यात राग कमी आणि खात्री जास्त दिसते.

मुलगी चिडते ती तुमच्या वाचनावर नाही. 'पुन्हा सुरू होऊ दे' याचा अर्थ तिला 'हे संपू दे' असा ऐकू येतो, आणि वडील गेल्यावर तिला ते ऐकवत नसेल. भांडण कशावरून झालं, ते तुम्ही मला लिहिलं नाहीत. बहुधा तिलाही सांगितलेलं नसणार. तिला सांगा. कुणाचं काय चुकलं, कोण काय म्हणालं, सगळं सांगा. ती रडेल, किंवा 'बाबा असंच करायचे' म्हणून हसेलही. तिनेही त्या माणसाबरोबर वर्षं काढली आहेत.