विचारा प्रवासाचं : मे महिन्यातली कोकणवारी, दोघांची

प्रश्न : आमच्या लग्नाला वर्ष होतंय. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाच दिवसांची सुट्टी जुळली आहे. पुण्याहून छोट्या हॅचबॅकनं किनाऱ्या-किनाऱ्यानं दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण आणि जमलं तर गोवा करायचा विचार आहे. रोज किती अंतर धरावं?
– वाचक, पुणे

गोवा यातून काढा. पाच दिवसांत तो बसवायला गेलात तर समुद्र फक्त काचेतूनच दिसेल. किनाऱ्याच्या रस्त्यावर किलोमीटर मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. वाडीतली वळणं, अरुंद साकव आणि समोरून येणारी एसटी यांमुळे ताशी ३०-३५ किलोमीटरपेक्षा जास्त सरासरी धरू नका.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघून ताम्हिणी-माणगावमार्गे दापोली गाठा. दुसऱ्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला जंगलजेटीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, वाशिष्ठीची खाडी ओलांडून गुहागर. तिथून तवसाळ-जयगड ही दुसरी फेरी घेऊन गणपतीपुळे. या दोन फेऱ्यांमुळे खाड्यांना घालायचा लांबचा वळसा वाचतो. तिसऱ्या दिवशी रत्नागिरी, पावस, जैतापूर, विजयदुर्ग करत देवगड. चौथ्या दिवशी कुणकेश्वर, आचरा आणि मालवण. हा टप्पा मुद्दाम छोटा ठेवलाय, म्हणजे दुपार मोकळी मिळेल. पाचव्या दिवशी कणकवली, फोंडाघाट, कोल्हापूर, सातारामार्गे पुणे. हे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे सकाळी सहाच्या आत मालवण सोडा.

जंगलजेटीच्या वेळा आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. सुट्ट्यांत गाड्यांची रांग लागते, म्हणून सकाळची पहिली-दुसरी फेरी धरा. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त तीव्र होतो आणि बुटक्या गाडीचं पोट किंवा पुढचा बंपर घासतो. चालकाशिवाय बाकीच्यांनी उतरावं आणि गाडी पहिल्या गिअरवर अगदी हळू चढवावी. बोटीत इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. तिकिटासाठी सुटे पैसे जवळ ठेवा.

एक तारीख ध्यानात असू द्या. पावसाळ्यासाठी साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा आणि प्रवासी होड्या बंद असतात. तुमचा आठवडा त्याआधीचा आहे, तरी मेअखेरीस समुद्र खवळू लागतो आणि पाणी गढूळ होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी चौथ्या दिवशी मालवणला पोहोचताच घ्या. स्कूबासाठी मात्र डिसेंबर-जानेवारीत पुन्हा या. मेमध्ये त्याच पैशांत निम्मंही दिसत नाही.

प्रश्न : आंबा घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल मऊ लागलं. बायको घाबरली, मीही. गाडीत दोष आहे का?
– वाचक, सांगली

दोष बहुतेक उतरण्याच्या पद्धतीत आहे. ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरलं की पॅड तापून पकड सोडतात. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं आणि ते जुनं झालं की लवकर उकळतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, पाणी शिरल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत उतरू शकते. उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ लागतं.

ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक ठिकाणी दुसरा. वेग इंजिनाला रोखू द्या. ब्रेक वळणाच्या आधी थोडा वेळ पक्का दाबा आणि सोडा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा एल (लो गिअर) निवडा. न्यूट्रल कधीच नाही, इंजिन बंद तर नाहीच, कारण मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. वास आलाच तर रुंद जागी थांबून अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. निघण्याआधी ऑइल तपासून घ्या. दोन वर्षं झाली असतील तर बदला.

प्रश्न : देवगडहून हापूसची पेटी डिकीत आणली. घरी निम्मे आंबे डागाळलेले निघाले. फसवणूक झाली का?
– वाचक, नाशिक

तसंच असेल असं नाही. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान सहज ५०-६० अंशांवर जातं आणि आंबा तिथे पिकत नाही, शिजतो. पेटी परतीच्या दिवशीच घ्या, तीही तयार नव्हे, अर्धवट पिकलेली. ती मागच्या सीटवर, गवतासकट, झाकण सैल करून ठेवा. एसीची हवा थेट फळावर नको. जेवायला थांबाल तेव्हा सावली शोधा. घरी पोहोचल्यावर पेटी उघडून आंबे एकेरी थरात गवतावर पसरा आणि रोज हातानं चाचपून तयार झालेले वेगळे काढा. साका, म्हणजे आतल्या गराचा खराब झालेला पांढरट भाग, मात्र कापल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी ओळखीच्या बागायतदाराकडूनच घेणं बरं.

प्रश्न : फोटोसाठी गाडी पुळणीवर उतरवली तर चालेल?
– वाचक, ठाणे

नको. कोरड्या वाळूत चाक एकदा रुतलं की ॲक्सिलरेटर दाबाल तितकं खोल जातं. भरती यायला ओहोटीनंतर जेमतेम सहा तास लागतात, तेवढ्यात ट्रॅक्टर मिळेलच असं नाही. शिवाय अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास बंदी आहे, आणि खारं पाणी गाडीच्या तळाला लागलं की गंज धरतो. गाडी सुरूच्या बनात लावा आणि दोघं चालत जा.