विमान या क्षणी कोण उडवतंय?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

"पायलटच राहणार नसेल तर कॉकपिटच्या अभ्यासात आयुष्य कशाला घालवू?" असं विचारलंस. वर डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या २०२० च्या स्पर्धेचा दाखला: हवाई झुंजीत संगणकाने एफ-१६ या लढाऊ विमानाच्या पायलटला ५-० हरवलं. हरवलं, पण सिम्युलेटरमध्ये. समोरचं विमान नेमकं कुठे आहे ही माहिती संगणकाला आयती मिळत होती. खऱ्या आकाशात ती कोण देणार?

माझा मुद्दा एकच. विमान या क्षणी कोण उडवतंय, हे माणूस आणि यंत्र दोघांनाही ठाऊक हवं.

१९९३ साली स्टॉकहोममध्ये ग्रिपेन हे स्वीडिश लढाऊ विमान कोसळलं. पायलट झपाट्याने स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, हलवत होता, संगणक आपल्या हिशेबाने विमान सावरत होता, आणि दोघांच्या मागण्यांपुढे कंट्रोल सरफेसचा, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्यांचा, वेग कमी पडला. पायलट कसलेला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, एवढंच!

उलट एफ-१६ मधलं ऑटो जीकॅस बघ, विमानाला जमिनीवर आदळण्यापासून आपोआप वाचवणारी यंत्रणा. जमीन जवळ येऊ लागली की पायलटच्या डोळ्यांसमोर दोन बाण एकमेकांकडे सरकतात. टोकं भिडली की यंत्र विमान वर खेचतं आणि धोका टळताच ताबा परत देतं. २०१६ मध्ये ॲरिझोनात जी-भाराने (जोरदार वळणात शरीरावर येणाऱ्या दाबाने) बेशुद्ध पडलेला शिकाऊ पायलट यामुळेच वाचला.

आपल्या तेजसमध्येही स्टिक फक्त मागणी नोंदवते, एलेव्हॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, हलवतो तो संगणक. त्याचे कंट्रोल लॉ, म्हणजे मागणीवरून पट्ट्या किती हलवायच्या हे ठरवणारे संगणकाचे नियम, १९९६ मध्ये अमेरिकेत ज्या एफ-१६ विस्टा या चाचणी विमानावर तपासले, त्याच विमानाने २०२३ मध्ये एक्स-६२ए या नावाने एआयच्या हाती हवाई झुंज दिली. तेव्हा तुझा प्रश्न नवा नाही.

मी हे विमानाच्या डिझाइनच्या बैठकांमध्ये सांगत आलो. "पायलटला विचारत बसलो तर डिझाइन फ्रीझ, म्हणजे कायमचं पक्कं, कधी करायचं?" असं ऐकवून मला एकदा कागदपत्रांच्या कामावर बसवलं. पुन्हा त्या टेबलाशी बोलावणं आलंच नाही, ते अजून खुपतं. हट्टी म्हणाले. होतोच. आजही तेच बोलेन. असो, पत्र तुझ्यासाठी आहे.

तुझा ब्लॉक डायग्राम पाहिला. एक लढाऊ विमान, सोबत चार ड्रोन. काम नेटकं आहे, मनापासून सांगतो. पण 'पायलट' लिहिलेल्या चौकटीतून बाण फक्त बाहेर जातात, आत एकही येत नाही! चौथ्या ड्रोनचा रेडिओ जॅम झाला आणि तो स्वतःच्या बुद्धीने वागू लागला, हे पायलटला कळणार कसं? दिव्याने, आवाजाने, की स्टिकच्या थरथरीने? तेव्हा तो सात-आठ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट भार, सोसत असेल, मान वळवणंही जड जात असेल. उद्या तो कॉकपिटमधून उठून जमिनीवरच्या खोलीत बसला, तरी विमान कोण उडवतंय हे त्याला कळायला नको?

खाली "पायलट इंटरफेस नंतर जोडू" अशी टीप लिहिली आहेस. ती आधी खोड. मग रविवारी फोन कर, दुपारी एक ते चार सोडून.

तुझा,
काका