घड्याळ कोणाचं होतं?

प्रश्न : माझ्याकडे चांदीच्या केसचं लाँजिनचं जुनं मनगटी घड्याळ आहे. मागच्या झाकणावर इंग्रजीत ‘आर. जे. एम. – आर. एफ. ए. – १९१७’ असं कोरलंय. झाकणाच्या आत ठसे, एक लांब आकडा आणि बारीक ओरखडे दिसतात. मूळ मालक सापडेल का?

उत्तर : धागा चांगला आहे. त्या सालच्या घड्याळावर आर. एफ. ए. म्हणजे बहुधा ब्रिटिश सैन्याची ‘रॉयल फील्ड आर्टिलरी’, म्हणजे तोफखाना. पण नावामागे धावण्याआधी घड्याळ मुळात एकच आहे ना, ते बघा. मशीनवरचा आकडा भिंगातून टिपा आणि झाकणातल्या आकड्याशी ताडून पाहा. त्या काळच्या लाँजिनमध्ये दोन्ही सहसा सारखेच असतात. वेगळे निघाले तर केस एका घड्याळाची आणि मशीन दुसऱ्याचं असण्याची शंका धरा. मग कंपनीची नोंद मशीनबद्दल सांगेल, कोरलेल्या अक्षरांबद्दल नाही.

आकडे जुळले तर फोटोंसह ते स्वित्झर्लंडमध्ये सेंट इमिए इथे लाँजिनच्या संग्रहाकडे पाठवा. जुन्या हस्तलिखित वह्यांवरून घड्याळाचं बिल कधी आणि कोणत्या व्यापाऱ्याच्या नावे झालं, ते कळू शकतं. तिथे लंडनच्या ‘बॉम अँड कंपनी’चं नाव आलं तर ते आयातदाराचं, मालकाचं नव्हे. ही गल्लत फार होते.

झाकणातले ठसे म्हणजे चांदीची शुद्धता तपासल्याचे हॉलमार्क. त्यांतलं एक अक्षर वर्ष दाखवतं. बाहेरून आलेल्या घड्याळांच्या केसवर ब्रिटनमध्ये जून १९०७ पासून ठसा सक्तीचा झाला. लंडनमध्ये मारलेल्या ठशातलं अक्षर मे महिन्यात बदलायचं, म्हणून एकच अक्षर दोन सालांत पसरतं. ठसा १९१७ नंतरचा निघाला, तर कोरलेलं साल मागाहून घातलेलं आहे. बारीक ओरखडे मात्र दुरुस्ती करणाऱ्या घड्याळजींच्या खुणा असतात. त्यात मालक शोधू नका.

आता नाव. आडनाव ‘एम’वरून धरा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर त्या काळच्या ‘आर्मी लिस्ट’, म्हणजे ब्रिटिश सैन्याधिकाऱ्यांच्या छापील याद्या, फुकट बघता येतात. त्यात तोफखान्याच्या अधिकाऱ्यांची पानं चाळून तिन्ही आद्याक्षरं जुळणारे सगळे उतरवून घ्या. प्रत्येकाची नेमणूक ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्रात शोधा. मग लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ३३९ आणि डब्ल्यूओ ३७४ या अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांच्या मालिकांत त्याची फाइल आहे का, ते पाहा. माणूस साधा सैनिक असेल तर डब्ल्यूओ ३७२ मधली पदकांची कार्डं बघा. सैनिकांच्या सेवापत्रांपैकी निम्म्याहून जास्त १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, तेव्हा कागद मिळाला नाही म्हणून तो माणूसच नव्हता असं म्हणता येत नाही. शेवटी दोन-तीन नावं उरली, तर सगळीच ‘संभाव्य’ म्हणून लिहून ठेवा.

प्रश्न : अक्षरं पुसट आहेत. पॉलिश करून घेऊ का?

उत्तर : मुळीच नको. पॉलिशमध्ये धातूच झिजतो, आणि उथळ कोरीव काम व ठसे आधी जातात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च झाकणाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो काढा. डोळ्यांना न दिसणारी रेघ सावलीत उठून दिसते.