कोड असताना पोर्ट्रेट फोटो काढून घेतल्याने स्वतःबद्दलचा संकोच खरंच कमी होतो का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांपासून चेहऱ्यावर आणि हातांवर कोड आहे, घरच्या एकाही फोटोत तुम्ही नाही, आणि मैत्रीण फोटोशूट कर म्हणून मागे लागली आहे. मला कोड येऊन अकरा वर्षं झाली. रत्नागिरीत ब्लाउज शिवते. माझा संकोच कमी झाला, पण त्याचं श्रेय फोटोपेक्षा काढणारीला जास्त.

कारण त्याआधीही एकाने माझा फोटो काढला होता. चुलतभावाच्या लग्नात फोटोवाल्याने न विचारता माझे सगळे डाग पुसून टाकले. अल्बममध्ये माझी साडी नेसून दुसरीच बाई उभी! सगळे म्हणाले, किती छान आलीस. तेव्हापासून मी कोपराखाली बाह्या घालायला लागले. (बाकी ‘माशांवर दूध प्यायलीस काय गो’ हे आमच्याकडे येता-जाता विचारतात. त्याला काही आधार नाही. आपलीच रोगप्रतिकारशक्ती कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारते, म्हणून कोड येतं. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही.)

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या एका मुलीने फोटो काढू का विचारलं. तिचा पुढचा प्रश्न होता, “ताई, डाग ठेवायचे की काढायचे? तुम्ही म्हणाल तसं.” हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, ब्लॅक अँड व्हाइट काढ, लपतील. तिने हसत मोबाइलवर करून दाखवलं, तर डाग उलट जास्त उठून दिसले. रंग काढून घेतला की उजेड आणि काळोख एवढंच उरतं ना.

भाट्याच्या सुरुबनात गेलो, सूर्य समुद्राकडे कलल्यावर. दुपारी डाग पांढरेफटक येतात, वर भाजतात ते वेगळंच. सनस्क्रीन लावून जा. ती माझ्यापासून आठ-दहा फुटांवर उभी राहिली. मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोवरून स्वतःला नावं ठेवत असाल तर थांबा. बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास 30 टक्के रुंद दिसतं, असा हिशेब अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 साली मांडला आहे.

पहिला अर्धा तास वायाच गेला. हात पदराखाली, मान खाली. माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या बायका टेप लावताच पोट आत ओढतात, अगदी तशी मी उभी. तिने ‘रिलॅक्स’ वगैरे काही म्हटलं नाही. माझ्या पदराला सुई टोचलेली होती, ती बघून म्हणाली, “ओवून दाखवा बघू.” वाऱ्यात दोरा काही जाईना. मी एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून खटपट करत राहिले आणि ती फोटो काढत राहिली.

फोटोवाली निवडताना एवढंच बघा: विचारल्याशिवाय फोटोतल्या चेहऱ्याला हात लावणार नाही आणि तुमच्या परवानगीशिवाय फोटो कुठे टाकणार नाही, हे ती आधी कबूल करते का. पोर्टफोलिओ नंतर.

आठवड्याने फोटो आले. सुई ओवतानाचा मोठा करून बघितला. दोन्ही पांढरे हात अगदी मधोमध, पण माझी नजर आधी गेली डाव्या बाहीकडे. खांद्यावर चूण पडली होती. त्याच रात्री तो ब्लाउज उसवला आणि परत शिवताना बाही चार बोटं आखूड केली.