बहिणीला सासरी मारहाण होते आणि घर सासऱ्यांच्या नावावर आहे. कायद्याने काय करता येईल?

आपण लिहिले आहे की, बहिणीला नवरा मारतो, पोलिसांनी अदखलपात्र नोंद करून परत पाठवले, गावच्या तंटामुक्ती समितीने नवऱ्याकडून लिहून घेतल्यावरही मारहाण थांबली नाही, आणि घर सासऱ्यांच्या नावावर असल्याने तिला बाहेर काढण्याची धमकी दिली जाते. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात विधी स्वयंसेविका आहे. तेथे जे पाहते त्या आधारे उत्तर देत आहे.

नवऱ्यावर फौजदारी गुन्हा दाखल करायचा की नाही, हे आजच ठरवण्याची गरज नाही. बहुतेक बायका याच प्रश्नाशी अडतात आणि त्यात वर्षे जातात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा मुळात संरक्षण, निवारा, खर्चाची रक्कम आणि मुलांचा ताबा मिळवून देण्यासाठी आहे. ज्या घरात तिचा संसार झाला तेथे राहण्याचा हक्क तिला कलम 17 देते, मग घर कोणाच्याही नावावर असो; सासऱ्यांच्या मालकीचे घरही ‘सामायिक घर’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सतीश चंदर आहुजा प्रकरणात म्हटले आहे.

सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यापासून, म्हणजे या कायद्याखाली पीडित महिलांच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यापासून करावी. ते कोठे बसतात हे जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात कळते. बहिणीला घराबाहेर पडणे शक्य नसेल तर कलम 4 नुसार आपण स्वतःही त्यांना माहिती देऊ शकता, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल आपल्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. त्यानंतर ते कौटुंबिक घटना अहवाल तयार करतात. या अहवालात ‘नेहमी मारतो’ एवढेच लिहिलेले मी अनेकदा पाहते आणि त्याचा न्यायालयात फारसा उपयोग होत नाही. तारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कापसाच्या पहिल्या वेचणीत, तूर विकून पैसे आले त्या रात्री, असे सांगावे. कशाने मारले, कोठे लागले, कोणी पाहिले, दागिने कोणाकडे आहेत आणि तिच्या मजुरीचे पैसे कोण काढून घेते, हेही लिहून घ्यावे, कारण आर्थिक छळसुद्धा या कायद्याने हिंसाच मानला आहे.

तंटामुक्ती समितीपुढे केलेली तडजोड तिला न्यायालयात जाण्यापासून अडवू शकत नाही. उलट ‘यापुढे मारणार नाही’ या मजकुराखाली नवऱ्याची सही असेल, तर तो कागद तिच्या बाजूचा पुरावा आहे. त्याची प्रत आजच मिळवावी. ग्रामीण रुग्णालयात जखमेचे खरे कारण सांगावे आणि केस पेपर जपून ठेवावा. ‘विहिरीवर पाय घसरला’ अशी नोंद पुढे खोडून काढणे फार जड जाते.

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो आणि ती माहेरी आली असल्यास माहेरच्या तालुक्यातही करता येतो. पहिली सुनावणी साधारणपणे 3 दिवसांत ठेवावी आणि त्यापुढे 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, म्हणून कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाची मागणी अर्जासोबतच करावी. पोटगीसाठी दोन्ही पक्षांना मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. नवऱ्याच्या नावावर शेती असेल तर सातबारा काढून ठेवावा. न्यायालयाने हिंसा करण्यास मनाई करणारा संरक्षण आदेश दिल्यावर नवऱ्याने तो मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

वकिलाच्या फीची काळजी करू नये. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

पुढे फौजदारी तक्रार करायचीच झाली, तर नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 85 आहे, जे पूर्वी भारतीय दंड संहितेचे 498-अ होते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवता येतो.

जिवाला धोका वाटला तर यातील कशाचीही वाट न पाहता 112 वर फोन करावा. महिला हेल्पलाइन 181 असून विधी सेवेचा क्रमांक 15100 आहे. जिल्ह्याच्या सखी केंद्रात, म्हणजे पीडित महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात काही दिवस राहण्याची सोयही होते. तिचा मोबाइल नवरा तपासत असेल, तर फोन आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेच्या मोबाइलवरून करावा आणि आधार, रेशनकार्ड व पासबुकाच्या प्रती आपल्याकडे आणून ठेवाव्यात.